सुती कापडावर भूछत्राचा रंग टिकत नसल्यास: माझा अनुभव

ठाण्यात आमच्या वसाहतीतील निलगिरीखाली पावसाळ्यात उगवणाऱ्या पिसोलिथस या गोळ्यासारख्या भूछत्राचा तपकिरी रंग रेशमावर पक्का बसे, सुती कापडावरून मात्र पहिल्याच धुण्यात उतरे. (ठाण्यालगतचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते; तेथून काही आणू नये.) मीठ, व्हिनेगर, जास्त उकळणे, सारे व्यर्थ गेले आणि वैताग आला.

रंग पक्का बसवणारी तुरटी सुताला नुसती नीट धरत नाही, आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यात असते ते तुरट द्रव्य, लागते. म्हणून १०० ग्रॅम कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून स्वच्छ धुवावे, २० ग्रॅम हिरडापूड कालवलेल्या कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे आणि न धुता पिळून वाळवावे. येणारी पिवळसर झाक या रंगात खपून जाते. मग १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात २ ग्रॅम धुण्याचा सोडा चिमूट चिमूट मिसळावा, कारण फेस उसळतो, आणि त्यात कापड पुन्हा रात्रभर ठेवून, वाळवून, हलके धुवावे.

भूछत्राची भुकटी नाकात जाते, त्यामुळे मास्क लावावा. ती पाण्यावर तरंगते, त्यामुळे साबणाचा थेंब टाकून स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात तासभर उकळावी. गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर तासभर ठेवून तेथेच थंड होऊ द्यावे. असे रंगवलेले कापड आता धुण्यात टिकते.