शिआनच्या नूडल्स पहिल्यांदा खायला जाताय? काय मागवायचं, कसं खायचं

आपल्याकडचं शेझवान-मंचुरियन डोक्यातून जरा बाजूला ठेवा, कारण शिआनच्या नूडल्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिआन म्हणजे चीनच्या शान्शी प्रांताची राजधानी, तो सगळा गव्हाचा मुलूख, त्यामुळे तिथे जेवण म्हणजे नूडल्स नाहीतर रोटी. चीनला कामासाठी जाणारे किंवा न्यूयॉर्क, लंडन, सिंगापूरला राहणारे आपले लोक बरेच आहेत, तिथे ही दुकानं सहज सापडतात, साधी असतात, नटूनथटून जायची गरज नाही.

पहिल्यांदा जाताय तर डोळे झाकून यो-पो म्येन मागवा, म्हणजे तेल ओतलेल्या रुंद नूडल्स. उकडलेल्या नूडल्स आणि थोडी पालेभाजी वाडग्यात, वर बारीक लसूण, कांद्याची पात, जाडसर लाल तिखट, आणि त्यावर धूर येईपर्यंत तापवलेलं तेल ओततात, चर्रर्र आवाज येतो, अगदी आपली वरून दिलेली फोडणीच. मग व्हिनेगर आणि सोया सॉस. दिसायला लालभडक असलं तरी ते तिखट वासाचं जास्त, जाळ कमी, आणि चीनच्याच सिचुआन प्रांतातल्या जेवणासारखी जीभही सहसा बधिर होत नाही.

स्वयंपाकघर दिसत असेल तर तिकडे तोंड करूनच बसा. पिठाच्या मुरलेल्या, तेल लावलेल्या गोळ्याच्या मधोमध काडीने एक खाच पाडतात, दोन्ही टोकं धरून ताणतात, ओट्यावर आपटत आपटत हातभर लांब करतात आणि मग त्या खाचेवरून फाडून थेट उकळत्या पाण्यात सोडतात. दोन-तीन बोटं रुंद एकेक पट्टी, ह्यालाच बियांग बियांग पण म्हणतात. हे एकदा बघितलं की पाकिटातल्या नूडल्स आठवत पण नाहीत.

वाडगा आला की फोटोत वेळ घालवू नका, लगेच तळापासून वर ढवळा कारण सॉस खाली बसलेला असतो आणि नूडल्स दोन मिनिटांत चिकटायला लागतात. पट्टी लांब असते, वाडगा तोंडाजवळ घ्या, चावा, उरलेली परत वाडग्यात पडू द्या, कोणी काही म्हणत नाही, आवाज झाला तरी चालतो. टेबलावर कच्चा लसूण असतो तो सोलून मधेमधे चावायचा, तिथले लोक तसंच खातात आणि खरंच चव खुलते. व्हिनेगर अजून घाला, लाजू नका.

शाकाहारी असाल तर आनंदाची गोष्ट म्हणजे पीठ सहसा फक्त मैदा, पाणी, मीठ, अंडं नसतं. पण वर खिमा टाकतात का, रस्सा मांसाचा आहे का हे मागवायच्या आधीच विचारा, फोनवर भाषांतर करून दाखवलं तर सगळ्यात बरं. न्यौरौ म्हणजे बीफ, यांगरौ मटण, जूरौ डुकराचं, एवढे तीन शब्द पाठच करा. शिआनच्या मुस्लिम मोहल्ल्यात डुक्कर नसतं पण बीफ भरपूर असतं, ते लक्षात ठेवा. मटण चालत असेल तर जिऱ्यातलं मटण घातलेल्या रुंद नूडल्स घ्या, न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात 2005 साली एका मॉलच्या तळघरात सुरू झालेल्या शिआन फेमस फूड्स ह्या दुकानाच्या त्या प्रसिद्ध आहेत.

उन्हाळ्यात गेलात तर लियांगपी घ्या, थंड असतं, पिठातला स्टार्च धुऊन काढून ताटलीत वाफवून त्याच्या पट्ट्या कापतात, वर काकडी, व्हिनेगर, तिखट तेल. शिआनलाच असाल तर सोबत बिंगफंग नावाचा संत्र्याचा सोडा.

एक वाडगा भरपूर होतो, दोघांत एक नूडल्स आणि एक लियांगपी घेतलं तर दोन्ही चाखता येतं. शेवटी म्येन थांग मागा, नूडल्स उकडलेलं गरम पाणी, चीनमध्ये बहुतेक ठिकाणी फुकट देतात, जड जेवणावर फार बरं वाटतं. आणि पार्सल शक्यतो नकोच, घरी पोचेपर्यंत त्याचा गोळा होतो, त्यापेक्षा लियांगपी बांधून घ्या.