ड्युअल कॅब यूट घेताना आधी वजनाचा हिशेब

ऑस्ट्रेलियात फॅमिली कॅम्पिंगसाठी ड्युअल कॅब यूट (दोन ओळी सीटचा, चार दारांचा पिकअप) घेताय? ‘३५०० किलो ओढते’ या जाहिरातीला भुलू नका, आधी पेलोड (गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते तो आकडा) बघा. तो बऱ्याच मॉडेलांत टनाच्या आसपास असतो, पण त्यातच घरची माणसं, कॅनोपी (मागच्या हौद्यावरचं झाकण), बुलबार (पुढचा संरक्षक दांडा), फ्रीज, पाणी सगळं आलं. कॅरव्हॅन (मागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडली तर टो-बॉलवरचा, म्हणजे ती जिथे जोडतात त्या गोळ्यावरचा, भारही त्यातच. तो कॅरव्हॅनच्या दहा टक्के धरला, तर अडीच टनांच्या कॅरव्हॅनमागे अडीचशे किलो तिथेच संपले!

टेस्ट ड्राइव्हला मुलांच्या सीट सोबत न्या. मागच्या सीटची पाठ बरीचशी उभी असते, आणि मुलांची सीट वरून मागे बांधणारा टॉप टेदरचा पट्टा अडकवणं काही मॉडेलांत चांगलंच कटकटीचं. फोर्ड रेंजर, टोयोटा हायलक्स ही मॉडेलं सव्वापाच मीटरहून लांब आहेत. रोजच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघाच.