स्वस्तातली स्पॅनिश दुनळी घेताय? या चुका टाळा

दर वर्षी गणपती उठले की माझा फोन वाजायला लागतो. मी मिनेसोटात राहतो, इथे ग्राऊस नावाच्या रानपक्ष्याच्या शिकारीचा सीझन सप्टेंबरच्या मध्यात उघडतो, आणि बरोबर त्याच आठवड्यात कुणीतरी पोरगा दुनळीचा, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या बंदुकीचा, फोटो पाठवतो, "काका, स्पॅनिश साइड बाय साइड आहे, नऊशे डॉलर म्हणतोय, उद्यापर्यंत सांगायचंय, घेऊ का?" मी विचारतो नळ्या काढून बघितल्यास का, तर नाही. खालचे शिक्के वाचलेस का, तर कुठले शिक्के? त्यात पोरांचा दोष नाही म्हणा. भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, ती योग्यच झाली, पण त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात दुनळी उघडून दाखवणारं कुणी नव्हतं. इथल्या पोराला ते आजोबा शिकवतात. आपल्याला वेबसाइटवरचे फोटो शिकवतात, आणि फोटोत बंदूक नेहमीच छान दिसते.

मुळात स्पॅनिशच का, तर स्पेनच्या बास्क भागात एइबार नावाचं गाव आहे, तिथे आणि आजूबाजूच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या बंदुका बनतात. आया, उगार्तेचेआ, अरिएता, गार्बी, ग्रुया ही सगळी तिकडचीच नावं. डिझाइन इंग्लिश, म्हणजे बॉक्सलॉक (चाप-घोड्याची यंत्रणा मधल्या पेटीत) अँसन अँड डीलीच्या पद्धतीचा आणि साइडलॉक (तीच यंत्रणा बाजूच्या प्लेटांवर) हॉलंड अँड हॉलंडच्या पद्धतीचा, पण किंमत इंग्लिश बंदुकीच्या मानाने फारच कमी. अमेरिकेत हजार ते दोन हजार डॉलरच्या आसपास चांगली वापरलेली बॉक्सलॉक मिळते, हलकी, सरळ दस्त्याची, दिवसभर हातात धरून गवत तुडवायला एक नंबर. मला या बंदुका मनापासून आवडतात, म्हणूनच लोक त्या ज्या पद्धतीने घेतात ते बघून जीव तुटतो.

चकाकी बघून घेणं

ही माझी स्वतःची चूक, त्यामुळे सविस्तर सांगतो. २००९ साली मी पहिली दुनळी घेतली, बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप), ऑनलाइन लिलावात. फोटोत नळ्या काळ्याकुळकुळीत, आरशासारख्या, बाजूच्या प्लेटांवर भरगच्च नक्षी, विकणाऱ्याने लिहिलेलं "नुकतीच रिफिनिश केली". मला वाटलं किती निगा राखलीय माणसाने. अकराशे डॉलर मोजले. नोव्हेंबरात पश्चिम मिनेसोटात फेझंट पक्ष्याच्या शिकारीला गेलो, तिसरा की चौथा बार उडवल्यावर हाताखाली काहीतरी खुळखुळल्यासारखं वाटलं, बघतो तर दोन नळ्यांच्या मधली वरची पट्टी, जिला रिब म्हणतात, ती मधेच सुटून वर आलेली आणि आतून लालभडक गंज बाहेर पडतोय. दिवस तिथेच संपला.

गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, सांगितलेलं कारण मी आजही प्रत्येकाला ऐकवतो. या नळ्यांच्या रिब मऊ डागाने, म्हणजे साध्या सॉफ्ट सोल्डरने जोडलेल्या असतात. एका नळीच्या बंदुका काळ्या करायला जी गरम क्षारांची टाकी वापरतात, त्यात दुनळी बुडवली की तो डाग खाल्ला जातो, वर क्षार रिबच्या आत अडकून बसतात आणि आतल्या आत गंज चढतो. दुनळीला जुन्या पद्धतीचं रस्ट ब्लूइंगच, म्हणजे मुद्दाम हलका गंज चढवून काळं करणं, करावं लागतं, ते हळू होतं, महाग पडतं, म्हणून कुणीतरी शॉर्टकट मारला होता आणि त्याचे पैसे मी भरले. रिब परत बसवून नळ्या नीट काळ्या करून घेण्यात बंदुकीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च झाला.

आता माझी सवय ठरलेली आहे. नळ्या सुट्ट्या करायच्या, खालच्या हुकात बोट घालून अधांतरी लटकवायच्या आणि बोटाच्या पेराने हलकेच टकटक करायचं. देवळातल्या घंटेसारखा लांब टणत्कार आला तर ठीक. बद्द वाजलं की नळ्या खाली ठेवायच्या आणि विकणाऱ्याला नमस्कार करायचा. नळीवर कोरलेल्या अक्षरांच्या कडा घासून गोल झाल्यात का तेही बघा, कारण झाल्या असतील तर कुणीतरी पॉलिश व्हील मनसोक्त चालवलंय आणि नळीची जाडी किती उरलीय ते मोजल्याशिवाय त्यात काडतूस घालू नये. पूर्ण रंग उडालेली, राखाडी झालेली पण कधीच न छेडलेली बंदूक मी डोळे मिटून नव्हे पण आनंदाने घेईन, चकचकीत रिफिनिश केलेली नाही घेणार.

आणि नक्षीचं म्हणाल तर बाजूला मोठी प्लेट आहे म्हणून ती साइडलॉक असतेच असं नाही, आत साधा बॉक्सलॉक आणि बाहेर शोभेची प्लेट असंही असतं. कमी बजेटमध्ये साधी बॉक्सलॉकच घ्या. आयाची नंबर ४ घ्या, उगार्तेचेआची साधी घ्या. त्याच पैशात साइडलॉक मिळत असेल तर ती का मिळतेय हा प्रश्न आधी विचारा.

स्टार उलटे वाचणं

हे दुसरं माझं दुखणं. चोक म्हणजे नळीच्या तोंडाकडचा आवळलेपणा, छर्रे किती पसरतात ते त्यावर ठरतं. स्पॅनिश नळ्यांवर तो शब्दात लिहिलेला नसतो, चांदण्या असतात. एक चांदणी म्हणजे फुल, सगळ्यात आवळलेला. दोन म्हणजे इम्प्रूव्ड मॉडिफाइड, तीन म्हणजे मॉडिफाइड, चार म्हणजे इम्प्रूव्ड सिलिंडर, म्हणजे बराच मोकळा. चांदण्या वाढतात तसा चोक सैल होतो. हॉटेलच्या रेटिंगसारखं वाचलं की घोटाळा झालाच.

नाशिकचा एक मुलगा आहे, फार गुणी, कुत्रीही त्याने स्वतः ट्रेन केलेली. त्याला ग्राऊससाठी मोकळी बंदूक हवी होती. दोन बंदुका समोर होत्या, एकीवर एक आणि दोन चांदण्या, दुसरीवर तीन आणि चार. त्याने विचार केला एक चांदणी म्हणजे थोडासाच चोक, आणि पहिली घेतली. सीझन उघडल्यावर उरलेला सबंध सप्टेंबर पॉपलरच्या दाट रानात फिरला, ग्राऊस पंधरा-वीस यार्डांवर उठतो आणि क्षणात झाडाआड जातो, तिथे याचे छर्रे न पसरता एका आवळलेल्या गोळ्यात जायचे. दहातले नऊ बार वाया, आणि एक लागला तो पक्षी खाण्यासारखा राहिला नाही. पोरगा रडवेला झाला होता, म्हणाला, "काका, मला नेमच जमत नाही बहुतेक." मी त्याला घेऊन रेंजवर गेलो, मोठा कागद टांगला, वीस यार्डांवरून एकेक नळी झाडायला लावली. कागद बघितल्यावर त्याला काही समजवावंच लागलं नाही.

उपाय आहे, गनस्मिथ चोक आतून रीम करून, म्हणजे खरवडून, मोकळा करू शकतो, पण आधी नळीची जाडी मोजून, आणि काढलेलं लोखंड परत लावता येत नाही. त्याची बंदूक आम्ही तशी करून घेतली. आणि चांदण्यांवरसुद्धा आंधळा विश्वास नको, मधल्या मालकांपैकी कुणी रीम करून ठेवलेलं असतं आणि शिक्का तसाच राहतो. माझं म्हणणं एवढंच की बंदूक घेतल्यावर पक्ष्याआधी कागदावर झाडा. अर्धा तास लागतो. तेवढाही धीर नसेल तर रानात कुत्र्यामागे चार तास कसे चालणार आहात?

चेंबरची लांबी न बघणं

चेंबर म्हणजे नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं. नळ्यांच्या खाली, ॲक्शनमध्ये (नळ्या ज्यात बसतात त्या मधल्या धातूच्या भागात) झाकल्या जाणाऱ्या सपाट भागावर एइबारच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे बंदुकीची ताकद तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात. तिथे १२ च्या जोडीला ७० असेल तर चेंबर सत्तर मिलिमीटर, म्हणजे आपलं नेहमीचं पावणेतीन इंची काडतूस. पण जुन्या बंदुकांवर ६५ असू शकतं, म्हणजे अडीच इंची. गंमत नाही, धोका असा आहे की पावणेतीन इंची काडतूस पासष्टच्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण काडतुसाची लांबी ही झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या अवस्थेत मोजतात. "बसतंय की" म्हणून लोक झाडतात, तोंड उघडायला पुढे जागा नसते, प्रेशर चढतं. ६५ दिसलं तर अडीच इंची हलकी काडतुसं मागवा. लोक चेंबर लांब करून घेतात, मी करत नाही.

मॅग्नम, म्हणजे जास्त जोरदार, काडतुसं तर सत्तरच्या चेंबरमध्येही नकोत. सहा-साडेसहा पौंडांची बंदूक आहे ती, एक औंस छर्ऱ्यांचा हलका लोड तिला शोभतो, दस्ता तडकत नाही आणि तुमचा खांदाही.

स्टील छर्रे जुन्या, आवळलेल्या चोकच्या स्पॅनिश नळ्यांतून झाडू नका. आणि इथल्या फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात, म्हणजे सरकारने पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या जमिनींवर, फेझंटलासुद्धा शिसं चालत नाही, त्यामुळे शिशाऐवजी वापरतात त्या बिस्मथच्या छर्ऱ्यांचा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. महाग आहे, पण फेझंटला दिवसात किती बार होतात?

सैल ॲक्शन

पुढचा लाकडी भाग, फोरएंड, काढून टाका आणि मग दस्ता काखेत दाबून नळ्या हलवा. फोरएंड लावून हलवलं तर त्याच्या ताणाने सैलपणा लपतो, हे विकणाऱ्याला माहीत असतं. डगडग लागली तर सोडा. वरचा लिव्हर बंद झाल्यावर मधोमध किंवा किंचित उजवीकडे थांबलेला बरा, डावीकडे गेला असेल तर भरपूर झिजलीय.

जुन्या स्वस्त एक्स्पोर्ट मालात आतले भाग मऊ लोखंडाचे असल्याची तक्रार नेहमीची आहे. म्हणून स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं, घालून एक चाप ओढा आणि मग दस्त्याच्या बुडाला तळहाताने जोरात थोपटा. दुसरा घोडा आपोआप पडला तर ती बंदूक कुणाच्याच हातात चांगली नाही, फुकट मिळाली तरी.

दोन चापांना घाबरून सिंगल ट्रिगर शोधू नका. दोन चाप सोपे, बिघडत कमी, आणि जवळच्याला मोकळी नळी, लांबच्याला आवळलेली, हे बोटाने ठरवता येतं. आठवडाभरात सवय होते.

दस्ता तुमच्या मापाचा आहे का बघा. डोळे मिटून खांद्याला लावा, उघडा, रिबवरून सरळ दिसलं पाहिजे. डावखुऱ्यांनी कास्ट, म्हणजे दस्त्याचा किंचित बाक, कुठल्या बाजूला आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ॲक्शनच्या मागे लाकडाला बारीक चीर आहे का, तेल मुरून काळं पडलंय का, तेही बघा.

एच-वन-बीवर असाल तर आधी हे वाचा. नॉनइमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्स ही त्यातली एक सूट आहे. म्हणजे लायसन्स आधी, बंदूक नंतर, आणि लायसन्सची मुदत संपू द्यायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. दुसऱ्या राज्यातून मागवलेली बंदूक लायसन्सधारी डीलरच्याच हातून घ्यायची, "मित्राकडून परस्पर" अजिबात नाही.

सप्टेंबरात खरेदी

ज्यांना सीझन उघडायच्या आदल्या आठवड्यात बंदूक हवी असते त्यांना मी आता सरळ नाही म्हणतो. त्या दिवसांत किमती चढलेल्या, गनस्मिथकडे रांग, आणि घेणाऱ्याचे डोळे रानाकडे लागलेले. मी फेब्रुवारीत बघतो. विकणाऱ्याला एकच अट घालतो, बंदूक डीलरकडे आली की तीन दिवस तपासायला हवेत, न झाडता, आणि नापसंत पडली तर पूर्ण पैसे परत. जो नाही म्हणतो त्याच्याशी पुढे बोलत नाही. त्या तीन दिवसांत ती माझ्या गनस्मिथच्या टेबलावर जाते, तो नळीची जाडी मोजतो, चोक मोजतो, शंभर डॉलरच्या आत काम होतं. नाशिकच्या त्या मुलाने यंदा भावासाठी वीस बोअर अशीच घेतली, मार्चमध्ये. त्याआधी दोन परत पाठवल्या.