जहाल, मवाळ, राष्ट्रीय, पुरोगामी: जुनी राजकीय लेबलं वाचताना या चुका टाळा

‘टिळक डावे की उजवे?’ हा प्रश्न दर १ ऑगस्टला कोणीतरी टाकतोच. मग दोन्हीकडून पुराव्यांचे ढीग पडतात. एक जण १९०८ चा गिरणी कामगारांचा संप काढतो. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद राहिल्या होत्या आणि त्या संपाची दखल खुद्द लेनिनने घेतली होती. दुसरा जण संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या, कायद्याला त्यांनी केलेला विरोध पुढे करतो. पुरावे दोघांचेही खरे, चूक प्रश्नात आहे. टिळकांच्या काळात पुण्या-मुंबईत माणसं ओळखली जायची ती जहाल-मवाळ, राष्ट्रीय-प्रागतिक, सुधारक-सनातनी अशा जोड्यांनी, आणि या जोड्या एकमेकींवर नीट बसत नाहीत. त्यांच्यावर डावे-उजवे चिकटवलं की गोंधळ होणारच.

परीक्षेचा अभ्यास करणारे, जुने अंक चाळणारे आणि घरच्या ग्रुपवर हिरिरीने भांडणारे, सगळे साधारण त्याच त्याच ठिकाणी अडखळतात.

चूक: एका बाबतीत जहाल म्हणजे सगळ्याच बाबतीत जहाल समजणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट चूक. शाळेत तक्ता पाठ केलेला असतो: डावीकडे मवाळ, उजवीकडे जहाल. मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे, सावध, जरा घाबरट. जहाल म्हणजे सरकारशी थेट टक्कर घेणारे. आता त्याच माणसांना सामाजिक प्रश्नावर उभं करून बघा.

१८९१ साली संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा आला. टिळकांनी तो परक्या सरकारची धर्मातली ढवळाढवळ म्हणून झोडपला. रानडे आणि आगरकर कायद्याच्या बाजूने. म्हणजे राजकारणात मवाळांचे गुरू मानले गेलेले रानडे इथे बदल मागत होते आणि पुढे जहालांचे पुढारी झालेले टिळक तो रोखत होते. १८९५ मध्ये पुण्यात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्याच मांडवात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून रण पेटलं. टिळकांच्या बाजूने नकार ठाम होता. शेवटी रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. सार्वजनिक सभेवर, म्हणजे पुण्यातल्या जुन्या राजकीय संस्थेवर, टिळकांच्या गटाचा ताबा आल्यावर १८९६ मध्ये रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा काढली. हे सगळं घडलं तेव्हा सुरतेची फूट, म्हणजे काँग्रेसचे जहाल आणि मवाळ असे दोन तुकडे झाले ती, अकरा-बारा वर्षं लांब होती.

बरं, टिळकांना ‘सामाजिक बाबतीत सनातनी’ म्हणून मोकळं व्हावं, तर तेही सरळ जमत नाही. १९१८ मध्ये मुंबईत विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेत त्यांनी देव अस्पृश्यता मानत असेल तर त्याला देव मानणार नाही, अशा अर्थाचं भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग अस्पृश्यता स्वतः न पाळण्याच्या जाहीरनाम्यावर सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी केली नाही. या दोन गोष्टींतली एकच सांगणारा माणूस तुम्हाला काहीतरी विकतोय, हे ओळखा.

अर्थकारणात तिसराच खेळ. रानडे स्वतःला उदारमतवादी म्हणवत. त्या काळच्या विलायती उदारमतवाद्याला सरकारने बाजारात हात घालणं म्हणजे पाप वाटे. रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात नेमकं उलट मांडलं: इंग्लंडचं अर्थशास्त्र इंग्लंडच्या परिस्थितीत जन्मलं, हिंदुस्थानात उद्योग उभे करायला सरकारचा हात लागेल. गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सरकारने पुढच्या वर्षी ते पाडलं. सक्ती मागणारा मवाळ!

उपाय: लेबल दिसलं की आधी ‘कशाबाबत?’ हे विचारायचं. कागदावर चार रकाने आखा: सरकारशी कसं वागायचं, समाजसुधारणा, अर्थकारण, जात. एकेका माणसाला चारही रकान्यांत टाका. चारही रकान्यांत तोच शब्द बसणारी माणसं फार थोडी निघतील.

चूक: लेबल कायमचं समजणं

या चुकीवरचा इलाज खुद्द टिळकांनीच सांगून ठेवला आहे. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी म्हटलं, की मवाळ-जहाल हे दोन शब्द काळाशी बांधलेले आहेत, काळाबरोबर ते बदलणार. आजचे जहाल उद्याचे मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. दादाभाई नौरोजींनी पहिल्यांदा मतं मांडली तेव्हा त्यांनाही जहालच म्हटलं गेलं होतं, हा दाखलाही त्यांनी दिला. आमची मुलं स्वतःला जहाल म्हणतील आणि आम्हाला मवाळ, असंही सांगून टाकलं.

याचा पडताळा घ्यायचा तर सुरेंद्रनाथ बॅनर्जींकडे बघा. १८७४ मध्ये सरकारने त्यांना आयसीएसमधून काढलं. १८८३ मध्ये एका न्यायाधीशावर टीका केली म्हणून दोन महिने तुरुंग. त्या न्यायाधीशाने शाळिग्राम कोर्टात आणवला होता, त्यावरून कलकत्त्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वंगभंगाच्या चळवळीत सुरेंद्रनाथ आघाडीवर. एप्रिल १९०६ मध्ये बारिसालला पोलिसांनी त्यांना अटक केली. नावाचा विलायती अपभ्रंश करून लोक त्यांना कौतुकाने ‘सरेंडर नॉट’ म्हणायचे.

आणि डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काय झालं? रासबिहारी घोष अध्यक्षपदी, टिळक व्यासपीठावर बोलायला उभे, मांडवात आरडाओरडा. तेवढ्यात एक जोडा हवेत उडाला. मराठी जोडा, लालसर चामड्याचा, टोकदार, तळाला शिसं ठोकलेला. तिथे हजर असलेल्या एका इंग्रज पत्रकाराने हे वर्णन लिहून ठेवलं आहे. तो जोडा आधी सुरेंद्रनाथांच्या गालावर बसला, तिथून उसळून फिरोजशहा मेहतांवर गेला. मग काठ्या, खुर्च्या, पळापळ. बारिसालच्या अटकेला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. माणूस तोच होता, रांग मात्र पुढे सरकली होती.

गोष्ट इथे संपत नाही. १९१८ मध्ये मवाळांनी काँग्रेस सोडून वेगळी चूल मांडली आणि मुंबईत परिषद भरवली, तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ. १९२१ मध्ये ते ‘सर’ झाले, बंगालमध्ये मंत्री झाले. १९२३ च्या निवडणुकीत, कौन्सिलात शिरू पाहणाऱ्या काँग्रेसवाल्यांच्या स्वराज्य पक्षाच्या पाठिंब्यावर उभ्या राहिलेल्या तरुण डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्यांना पाडलं.

टिळकपक्षाचंही तेच झालं, फक्त त्याकडे आपण कमी बघतो. १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये टिळकांनी १९१९ च्या कायद्याने दिलेल्या नव्या राजकीय सुधारणा राबवायच्या, पण सरकार जेवढं देईल तेवढंच आपण सहकार्य करायचं, अशी प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली. वर्षभरात ते गेले आणि गांधींचा असहकार आला. टिळकांचे पट्टशिष्य न. चिं. केळकर आणि नागपूरचे डॉ. मुंजे १९२५-२६ मध्ये जयकरांबरोबर प्रतियोगी सहकारितेचा झेंडा घेऊन उभे राहिले. मंत्रिपदं घ्यावीत, कौन्सिलात म्हणजे कायदेमंडळात बसून काम करावं असं त्यांचं म्हणणं. कालचे जहाल, असहकारवाल्यांच्या नजरेत पक्के मवाळ. सुरतेपासून वीस वर्षंही गेली नव्हती.

म्हणून जहाल हा शब्द साल न लिहिता वापरूच नये. ‘१९०७ चे जहाल’ याला अर्थ आहे. नुसत्या ‘जहाल’ला नाही.

चूक: नाव कोणी ठेवलं ते न बघणं

जहाल हे नाव टिळकपक्षाने हौसेने घेतलेलं नव्हतं. ते स्वतःला राष्ट्रीय पक्ष म्हणवत. मवाळांना मवाळ म्हणवून घ्यायला काय आवडणार? ते स्वतःला प्रागतिक म्हणत. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाकडे असलेलं ‘ज्ञानप्रकाश’ हे वर्तमानपत्र काढून बघा, तिथे प्रागतिकच भेटेल.

इथे वाचकाची दोनदा फसगत होते. १९१५ च्या अंकात ‘राष्ट्रीय पक्षाची सभा’ असं दिसलं की ती टिळकांच्या मंडळींची. पण ‘राष्ट्रीय सभा’ असं दिसलं तर ती म्हणजे सबंध काँग्रेस, मवाळांसकट. एका शब्दाच्या जागेने माणसं बदलतात. ‘राष्ट्रीय शाळा’, ‘राष्ट्रीय कीर्तन’ यांतलं राष्ट्रीयही याच गटाकडे बोट दाखवतं. आणि प्रागतिक वाचून आजच्या डाव्या आघाडीचा चेहरा डोळ्यांसमोर आणाल, तर श्रीनिवासशास्त्र्यांसारखा सनदशीर मवाळ पुढारी तुम्हाला लाल बावट्याखाली दिसायला लागेल.

खात्री करायची असेल तर त्याच आठवड्यातलं विरोधी वर्तमानपत्र उघडा. एकाच गटाची दोन नावं शेजारी शेजारी मिळतात: घरातलं आणि शेजाऱ्याने ठेवलेलं.

चूक: ‘फेर’ दिसला की क्रांती समजणं

१९२२-२३ मध्ये काँग्रेसमध्ये फेरवादी आणि नाफेरवादी असे दोन तट पडले. फेरवादी म्हणजे जास्त कडवे असं पटकन वाटतं. प्रकार उलटा होता. कौन्सिलवरचा बहिष्कार उठवून आत शिरावं, असा फेर चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंना हवा होता. बहिष्कार जसाच्या तसा ठेवा म्हणणारे नाफेरवादी, त्यांत वल्लभभाई, राजेंद्रप्रसाद, राजाजी. बदल नको म्हणणारेच इथे जास्त कडक. परीक्षेत या प्रश्नावर पोरं हटकून पडतात.

चूक: सगळ्यांना त्याच एका पट्टीवर बसवणं

जोतीराव फुल्यांच्या वाटेने जाणाऱ्या सत्यशोधकांना जहाल-मवाळ पट्टीवर कुठे ठेवणार? त्यांच्या दृष्टीने तो एकाच वाड्यातल्या दोन सोप्यांमधला वाद. ब्राह्मणेतर पक्षाने १९१९ च्या कायद्याखालच्या कौन्सिलात भाग घेतला, मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी सात राखीव जागा मिळाल्या. राष्ट्रीय वर्तमानपत्रांनी त्यांना सरकारधार्जिणे ठरवून टाकलं. आजही काही जण तेवढ्यावरच त्यांची फाइल बंद करतात.

केशवराव जेध्यांचा प्रवास बघा म्हणजे ती फाइल बंद होत नाही हे कळेल. ब्राह्मणेतर चळवळीतले तरुण पुढारी. १९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास काँग्रेसकडे वळले आणि पुढे महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यानंतर शंकरराव मोऱ्यांबरोबर शेतकरी कामगार पक्षात. त्या पक्षाने १९५० मध्ये मालेगावजवळच्या दाभाडीला मार्क्सवादाची कास धरली. १९५४ मध्ये जेधे परत काँग्रेसमध्ये. जहाल-मवाळ सोडाच, डावे-उजवेही इथे तोकडं पडतं, कारण मधला धागा शेतकऱ्याचा आणि जातीचा आहे.

चूक: माणूस बदलला की शब्द, हे वेगळं न करणं

मिनू मसानींचं नाव दोन ठिकाणी येतं. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी यांच्याबरोबर चर्चा करून १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष काढणाऱ्यांत ते होते. १९५९ मध्ये सरकारी परवाना-राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्वतंत्र पक्षातही तेच. इथे शब्दाचा अर्थ सरकलेला नाही. स्टालिनच्या रशियात काय चाललंय ते बघून मसानींचं मत फिरलं. सुरेंद्रनाथांच्या बाबतीत उलट: त्यांची मतं फारशी हलली नाहीत, भोवतालचं जग हललं. दोन्हींना सरसकट ‘पलटी मारली’ म्हणणं आळशीपणाचं आहे.

चूक: पाटी वाचून पक्ष ओळखणं

कुटुंबाच्या एकाच ग्रुपवर न्यू जर्सीचा मामा आणि मेलबर्नची आत्या ‘लिबरल’वरून भांडत असतील, तर दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. अमेरिकेत रूझवेल्टच्या काळापासून लिबरल म्हणजे सरकारी कल्याणयोजनांच्या बाजूचा. ऑस्ट्रेलियात १९४४ मध्ये मेंझीजने उभा केलेला लिबरल पक्ष म्हणजे तिथला परंपरावादी, उद्योगधंद्यांच्या बाजूचा पक्ष. जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्षही १९५५ पासून परंपरावादीच. आधी देश विचारा, मग भांडा.

आपल्याकडे पाट्यांची तर जत्राच. १९७८ मध्ये शरद पवारांच्या नेतृत्वाखाली आलेल्या सरकारचं नाव पुरोगामी लोकशाही दल, आणि त्यातल्या जनता पक्षात पूर्वाश्रमीचे जनसंघवाले मंत्री होते. १९८० मध्ये स्थापन झालेल्या भाजपने त्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात गांधीवादी समाजवाद स्वीकारला. समाजवादी हा शब्द १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला. पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात २९अ कलम घातलं गेलं. आता निवडणूक आयोगाकडे नोंदणी करायची तर पक्षाच्या घटनेत समाजवादाच्या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावीच लागते. म्हणजे उद्या कोणी उठून खुल्या बाजाराचा, सरकारने कशातच पडू नये म्हणणारा पक्ष काढला, तरी कागदोपत्री त्याला समाजवादाची शपथ घेऊनच रांगेत उभं राहावं लागेल.