डोपामिन, टी पेशी आणि चहाच्या रंगाची ट्यूब

‘डोपामिनवर काम करता? मग पोराचा मोबाइल कसा सोडवायचा तेवढं सांगा!’ रक्त द्यायला आलेल्या निम्म्या लोकांनी मला हे विचारलंय. मोबाइलचं मला काही कळत नाही. पुण्यातल्या एका लॅबमध्ये मी पीएचडीसाठी एवढंच बघत होते, की डोपामिन या निरोप्या रेणूसारखी वागणारी किंवा त्याला अडवणारी औषधं माणसाच्या टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींवर, काय करतात. या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितेय, कारण मला पहिल्या वर्षी हे कोणी सांगितलं नव्हतं.

डोपामिनचे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे बसतं त्या जागा, पाच प्रकारच्या. डी१ आणि डी५ पेशीतलं सायक्लिक एएमपी (आत निरोप पोचवणारा रेणू) वाढवतात, डी२, डी३ आणि डी४ ते कमी करतात. म्हणजे रेणू एकच, पण कोणत्या पेशीवर कोणता रिसेप्टर किती आहे, त्यावर परिणाम उलटासुलटा. शिवाय डोपामिन फक्त मेंदूतून येतं असंही नाही. इटलीतल्या कोझेंटिनो यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं, की माणसाच्या नियामक टी पेशी (इतर टी पेशींना आवरणाऱ्या) स्वतःच ते बनवून साठवतात आणि ते बाहेर पडलं की त्यांचाच वचक कमी होतो. तेव्हा ‘डोपामिनने प्रतिकारशक्ती वाढते का?’ असं कोणी विचारलं, की मी आधी ‘कुठल्या पेशीची?’ असं विचारते.

रक्तातून पेशी वेगळ्या काढणं आठवड्याभरात जमतं. फायकॉल या दाट द्रवावर पातळ केलेलं रक्त अलगद सोडायचं, ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट), ३० मिनिटं, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला की पेशींचं मधलं पांढुरकं कडं ढवळून जातं आणि सकाळ वाया. हे प्रत्येकाचं एकदा होतंच.

माझे दोन महिने गेले ते दुसऱ्याच कारणाने. डोपामिनची मात्रा वाढवत नेली तशी टी पेशींची वाढ घटत गेली. आलेख इतका देखणा, की मी तो आईला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. माझ्या गाइड मॅडमनी मात्र आलेखाकडे बघितलंच नाही. रॅकमधली डोपामिनच्या स्टॉकची (दाट द्रावणाची) ट्यूब उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘काय गं, हा चहा कधीचा?’

सोमवारी केलेला स्टॉक मी गुरुवारी वापरत होते. डोपामिन हवेने ऑक्सिडाइज होतं, तपकिरी पडतं. ताजं घेतलं तरी पेशींच्या माध्यमात तेच होतं आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून प्रयोग पुन्हा केला, तर बहुतेक पेशी ठणठणीत! रिसेप्टरचा काही संबंधच नव्हता, मी पेशींना ब्लीच पाजत होते. तेव्हापासून स्टॉक रोज ताजा, बर्फात, फॉइलमध्ये गुंडाळलेला. कॅटलेजची वेल (पेशी वाढवायच्या प्लेटमधला छोटा खड्डा) प्रत्येक प्लेटमध्ये आणि रिसेप्टर अडवणारं औषध घातलेली वेलही. अडवूनही परिणाम तसाच राहिला, तर तो रिसेप्टरचा नाही.

मात्रेचंही तसंच. हॅलोपेरिडॉल (मानसिक आजारावरचं, डी२ अडवणारं औषध) घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते साधारण ५ ते ३० नॅनोमोलर असतं. मी आधीचे पेपर बघून १० मायक्रोमोलर, म्हणजे १०,००० नॅनोमोलर टाकत होते, शेकडो पट जास्त. एवढ्या मात्रेत औषध पेशीत कुठेही हात घालतं. क्लोझापिन या तशाच दुसऱ्या औषधाने काहींच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये त्यातून मृत्यू झाले, आणि आजही ते सुरू करताना नियमित रक्त तपासतात. पण म्हणून हा डोपामिनचा खेळ ठरत नाही. हॅलोपेरिडॉल डी२ला क्लोझापिनपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, तरी त्याची ओळख या दुष्परिणामासाठी नाही.

बी.फार्म. करून आलात तर औषधं समजतील, फ्लो सायटोमेट्री (लेझरने पेशी ओळखणं आणि मोजणं) अडेल. मायक्रोबायोलॉजीवाल्यांचं नेमकं उलटं. दोन्ही शिकता येतं. आकडेवारीतली एक चूक मात्र भल्याभल्यांची होते: एका माणसाच्या रक्ताच्या सहा वेल म्हणजे सहा माणसं नव्हेत.

आणि रक्तदाते नीट निवडा. रक्त रोज एकाच वेळी घ्या, कारण लिम्फोसाइटची (टी पेशी याच गटातल्या) संख्या दिवसभरात बदलते. आमच्या संमतीपत्रासोबत प्रश्न होता, ‘सध्या कोणतं औषध चालू आहे?’ सगळे लिहायचे, ‘नाही.’ एकाचे आकडे मात्र प्रत्येक वेळी वेगळेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा सहज म्हणाला, ‘औषध नाही हो, फक्त ॲसिडिटीची कॅप्सूल, सकाळी उपाशीपोटी.’ त्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन होतं, म्हणजे डी२ अडवणारं औषध! ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण माझ्या टी पेशी कुठे मेंदूत होत्या? शिवाय त्याने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढतं आणि टी पेशींवर प्रोलॅक्टिनचेही रिसेप्टर असतात. त्याचे आकडे त्यामुळेच बिघडले होते, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याचे तिन्ही नमुने वगळले आणि फॉर्ममध्ये वेगळी ओळ टाकली: ‘ॲसिडिटी, उलटी किंवा गॅसची गोळी?’ आता त्या ओळीपाशी बऱ्याच जणांचं पेन थांबतं.