नोकरी सांभाळून अमेरिकेत शिक्षक होताना: आधी परवाना, मग मास्टर्स

अमेरिकेत काही वर्षे नोकरी केल्यावर शाळेत शिकवावे असे ज्यांच्या मनात येते, ते बहुधा पहिल्याच दिवशी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांची यादी उघडून बसतात. मीही तेच केले होते आणि त्यात काही महिने वाया गेले. सरकारी शाळेत शिकवण्याचा परवाना विद्यापीठ देत नाही, केंद्र सरकारही देत नाही. तो प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनुसार देते. म्हणून सुरुवात राज्याच्या शिक्षण विभागाच्या संकेतस्थळापासून करावी आणि कोणत्या इयत्तांना, कोणता विषय शिकवायचा आहे हे आधी ठरवावे. प्राथमिक वर्ग, माध्यमिक गणित आणि विशेष शिक्षण यांचे परवाने वेगळे असतात, त्यांच्या परीक्षाही वेगळ्या. पदवी, मान्यताप्राप्त प्रशिक्षण, परीक्षा आणि बोटांच्या ठशांवरून होणारी पार्श्वभूमीची तपासणी एवढ्या गोष्टी मात्र बहुतेक ठिकाणी लागतातच. अनेक राज्यांत ‘प्रॅक्सिस’ परीक्षा चालते, टेक्सासमध्ये ‘टेक्सेस’, तर कॅलिफोर्नियाच्या स्वतःच्या परीक्षा आहेत.

मास्टर्सचा विचार त्यानंतर करावा. एम.ए.टी. (मास्टर ऑफ आर्ट्स इन टीचिंग) ही पदवी सहसा नव्याने शिक्षक होणाऱ्यांसाठी असते आणि तिच्यात परवान्याची तयारी अंतर्भूत असते, एम.एड. (मास्टर ऑफ एज्युकेशन) मात्र अनेकदा आधीपासून शिक्षक असलेल्यांसाठी आखलेली असते. नावात ‘एज्युकेशन’ आहे म्हणून परवाना मिळेलच असे समजू नये. प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला ईमेलवर एकच प्रश्न विचारावा: हा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर माझ्या राज्यातील अमुक परवान्यासाठी तुम्ही माझी शिफारस कराल का? उत्तर लेखीच घ्यावे. दुसऱ्या राज्यातील ऑनलाइन अभ्यासक्रम असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. काही राज्यांत मास्टर्स पुढे ढकलताही येते. न्यूयॉर्कमध्ये बॅचलर पदवीच्या आधारे सुरुवातीचा परवाना मिळू शकतो आणि त्याच्या ५ वर्षांच्या मुदतीत मास्टर्स पूर्ण करून पुढच्या ‘प्रोफेशनल’ परवान्याकडे जाता येते. कुटुंब आणि नोकरी सांभाळणाऱ्यांना हा क्रम मला अधिक सोयीचा वाटतो, कारण पगार सुरू झालेला असतो आणि वर्गात जे शिकलो ते अभ्यासात लगेच उपयोगी पडते.

ज्यांचे शिक्षण भारतात झाले आहे त्यांनी गुणपत्रिकांचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे. भारतातील पदवीचे मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावे लागते, आणि त्यातही प्रत्येक विषयाचे क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजणारे एकक) व श्रेणी दाखवणारा सविस्तर अहवाल लागतो. मी घाईत स्वस्त, केवळ पदवीची समकक्षता सांगणारा अहवाल मागवला. राज्याने तो परत पाठवला आणि शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागले. शिवाय विद्यापीठाकडून शिक्का मारून बंद केलेला लिफाफा थेट मूल्यांकन संस्थेकडे जावा लागतो, आपण तो उघडला तर तो बाद होतो. तीन वर्षांच्या बी.ए. किंवा बी.एस्सी.ला चार वर्षांच्या अमेरिकन पदवीची बरोबरी प्रत्येक संस्था देत नाही, त्यामुळे आपले राज्य कोणत्या संस्थांचे अहवाल स्वीकारते ते पाहूनच पैसे भरावेत.

आता या वाटचालीतील सर्वांत कठीण टप्पा. स्टुडंट टीचिंग म्हणजे मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, शिक्षकाच्या वर्गात पूर्णवेळ करायचे अध्यापन. ते साधारणपणे १२ ते १६ आठवडे चालते आणि बहुधा विनावेतन असते. कॅलिफोर्नियात असा सराव एकूण ६०० तासांचा लागतो. संध्याकाळचे वर्ग नोकरीनंतर करता येतात, पण शाळा सकाळीच भरते. सकाळी साडेसातला वर्गात उभे राहायचे, पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावर बसून निरीक्षणे लिहायची, मग एक तास, मग दोन, आणि शेवटी पूर्ण दिवस स्वतः घ्यायचा. घरी येऊन मुले झोपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या पाठाचे टाचण काढायचे, आणि ते टाचण मेंटॉरला आदल्या दिवशी दाखवायचे. या काळात दिवसाची नोकरी टिकत नाही. म्हणून साऱ्या नियोजनाची सुरुवात या आठवड्यांपासून करून मागे यावे: कोणत्या सत्रात ते करणार, तेवढ्या महिन्यांचा घरखर्च कोठून येणार, नोकरीतून बिनपगारी रजा मिळेल का. शाळा मिळवून देण्यासाठी विद्यापीठे बरेचदा एक सत्र आधी अर्ज मागतात, तो चुकला तर वर्ष लांबते.

हे आठवडे पगाराविना काढणे शक्यच नसेल तर पर्यायी मार्ग पाहावा. कॅलिफोर्नियातील इंटर्न क्रेडेन्शियल किंवा न्यू जर्सीचा अल्टरनेट रूट यांत वर्गाची पूर्ण जबाबदारी आणि पगार पहिल्या दिवसापासून असतो, अभ्यास सोबत चालतो. माझ्या मते हा मार्ग ज्यांनी मुलांसोबत आधी काम केले आहे त्यांनीच घ्यावा. शिकवण्याचा काहीच अनुभव नसेल तर आधी काही महिने बदली शिक्षक म्हणून किंवा वर्गातील मदतनीस म्हणून काम करून पाहावे.

पैशाचे सांगायचे तर, नोकरीवर असतानाच कंपनीची शैक्षणिक मदत वापरावी. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची अशी मदत करमुक्त असते. लाइफटाइम लर्निंग क्रेडिटमधून करात २,००० डॉलरपर्यंत सूट मिळू शकते, मात्र तिला उत्पन्नाची मर्यादा आहे. नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी केंद्र सरकारचे टीच ग्रँट हे अनुदानही आहे. ती घेताना अट नीट वाचावी: कमी उत्पन्नाच्या वस्तीतील शाळेत, टंचाईच्या विषयात, ८ वर्षांत ४ वर्षे शिकवले नाही तर त्या अनुदानाचे व्याजासह कर्ज होते. मला ती केवळ ज्यांनी अशाच शाळेत शिकवायचे पक्के केले आहे त्यांच्यासाठी योग्य वाटते.

मास्टर्स बहुधा ३० ते ३६ क्रेडिटचे असते. पूर्णवेळ नोकरी करताना एका सत्रात दोन विषयांपेक्षा जास्त घेऊ नयेत. या गतीने उन्हाळी सत्र धरून दोन ते अडीच वर्षे लागतात. विषयाची परीक्षा मात्र पहिल्या वर्षातच द्यावी, कारण अनेक अभ्यासक्रम ती उत्तीर्ण झाल्याशिवाय स्टुडंट टीचिंगला पाठवत नाहीत.

अभ्यासक्रम संपल्यावर विद्यापीठ राज्याकडे शिफारस पाठवते, पण अर्ज आणि शुल्क आपणच भरायचे असते. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांमध्ये) मास्टर्स असलेल्यांचा पगार वेतनतक्त्याच्या वेगळ्या, वरच्या स्तंभातून ठरतो. करारावर सही करण्याआधी आपल्याला कोणत्या स्तंभात घेतले आहे ते विचारावे, आणि पदवी प्रदान झाल्याची तारीख छापलेला अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) डिस्ट्रिक्टच्या मुदतीत मनुष्यबळ विभागाकडे पोहोचवावा. मुदत टळल्यास वरचा पगार पुढच्या वर्षापर्यंत थांबू शकतो.