मूल कमी पडलं की शिक्षकांनी या चुका टाळा

वहीत ५२ − ३७ = २५ दिसलं की लाल फुली मारायला क्षणही लागत नाही. मीही कित्येक वर्षं मारत आले. एकदा मात्र फुली न मारता म्हटलं, "हे कसं केलंस, मला करून दाखव ना." मुलगी म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन घालवले." पानावरची सगळी गणितं तिने याच नियमाने सोडवली होती. नियम चुकीचा होता, पण ती तो काटेकोर पाळत होती. मोठ्या अंकातून लहान वजा करायचा, हा गैरसमज मुलांमध्ये सर्रास आढळतो. 'नीट लक्ष देऊन कर' म्हटल्याने तो जाणार कसा? काड्यांचा दशकाचा गठ्ठा तिच्याच हाताने सोडवला, तेव्हा तिला उमगलं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक मला हीच वाटते: कारण आधीच ठरवून टाकणं. 'आळशी आहे', 'घरी कोणी बघत नाही' हे एकदा मनात बसलं की आपण वही वाचायचंच सोडतो.

दुसरी चूक 'का'ची. "गृहपाठ का नाही केलास?" हे मुलाला दरडावल्यासारखंच ऐकू येतं. मग ते मान खाली घालतं, नाहीतर सबब सांगतं. "कुठपर्यंत आलं होतं? कुठल्या ओळीवर अडलं?" असं विचारा, म्हणजे त्याला बोट ठेवायला जागा मिळते. आणि विचारायचं ते बाकापाशी जाऊन, हळू आवाजात. सगळ्या वर्गासमोर मायेने विचारलं तरी मूल उघडं पडतं.

विचारल्यावर थांबत नाही, हीही चूकच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिलं, की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणारी मुलं कमी झाली. तास संपत आला असताना हे तीन सेकंद फार मोठे वाटतात, तरी थांबा.

थांबूनही "माहीत नाही" एवढंच आलं, तर तोच प्रश्न रेटू नका. "प्रश्न कळला नाही, की सुरुवात कशी करायची ते?" असे दोन पर्याय द्या. मूल रडवेलं झालं असेल, तर उद्या विचारा.

समजून घेणं म्हणजे सूट देणं, असंही नाही. धाकट्या भावाला सांभाळताना निबंध राहिला असेल, तर मुदत दोन दिवस वाढवा किंवा शाळेतच वेळ काढून द्या. निबंध मात्र लिहून घ्या.

कारण ऐकून घेऊन काहीच बदललं नाही, तर पुढच्या वेळी ते मूल सांगणारच नाही. म्हणून मी माझ्या टाचणवहीत मुलाच्या नावापुढे लगेच लिहून ठेवते: 'दशक सुटा करणं, सोमवारी पुन्हा.' आणि सोमवारी त्याच्या बाकापाशी जाते.